पंचनाम्याची दिंडी: खरा गुन्हा गाण्यात बांधताना

बैलहोंगल भागात एकोणिसाव्या शतकात एक खून झाला. पैसेवाला तरुण संग्या, त्याचा जिवलग दोस्त बाळ्या, व्यापारी इरण्णा आणि इरण्णाची बायको गंगी. संग्याचं मन गंगीवर बसलं. बाळ्यानं आणि मधल्या एका म्हातारीनं वाट करून दिली. पुढं इरण्णाला सुगावा लागला, बाळ्या फितूर झाला आणि संग्या मारला गेला. बेळगाव जिल्ह्यात मराठी घरांतल्या जुन्या माणसांनाही ‘संग्या-बाळ्या’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, कारण त्यांनी तो खेळ यात्रेत पाहिलेला असतो. कोर्टात काय झालं, ते मात्र कुणाच्या ध्यानात नाही. लोकांच्या तोंडी राहिलं ते गाणं.

खऱ्या गुन्ह्यावर पद्य किंवा गायलेलं नाटक लिहिणाऱ्या कवीनं ही गोष्ट आधी समजून घ्यावी. चालीत बसलेली ओळ निकालपत्रापेक्षा जास्त वर्षं जगते. चुकीची ओळ चालीत बसली तर तीही तेवढीच जगते, आणि तिच्यावर अपील नसतं. खाली जे सांगितलंय ते सगळं याच एका काळजीपोटी.

आधी संग्याचा प्रवास बघू. फ्लीट नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई इलाख्यात नोकरीला होता आणि शिलालेखांचा मोठा अभ्यासक होता. त्यानं बेळगाव-धारवाडकडच्या कन्नड लावण्या जमवून 1880 च्या दशकात ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापल्या. त्यात संगोळी रायण्णाची लावणी आहे, आणि संग्याचीही आहे. तिला त्यानं दिलेल्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ होतो ‘संग्याचा गुन्हा आणि मृत्यू’. नीट वाचा: मेला संग्या, आणि गुन्हाही संग्याचाच. शीर्षकातच निकाल लागलाय. पुढं याच कथेचा सण्णाट, म्हणजे गाण्या-संवादांचं लोकनाटक, झाला. पत्तार मास्तरांच्या नावानं तो ओळखला जातो, आणि त्याचं नाव ‘संग्या-बाळ्या’. घटना तीच, पण आता नावात दोन दोस्त आहेत आणि ऐकणाऱ्याचं लक्ष व्यभिचारावरून विश्वासघाताकडं सरकतं. कवीनं पुरावा बदललेला नाही. दिवा कुठं धरायचा, तेवढं बदललं.

सण्णाट म्हणजे कन्नडमध्ये ‘छोटा खेळ’. दोड्डाटात पुराणातले राजे, किरीट, जड पोशाख असतात. सण्णाटात घरच्या कपड्यातली गावातलीच माणसं असतात. पात्र एक ओळ गातं, मागं उभे असलेले साथीदार ती उचलून परत गातात, मध्येच बोली भाषेतला संवाद येतो. उत्तर कर्नाटकाच्या या लोकरंगभूमीचा अभ्यास चंद्रशेखर कंबार यांनी केला. ते हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे. 2010 चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला.

आता ऑपेरा हा शब्द. ऑपेरा म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायलेलं नाटक. त्यात गाण्याचे मुख्य दोन प्रकार. एक, बोलल्यासारखं गाणं, ज्यात गोष्ट पुढं सरकते, आणि त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. दुसरं आरिया, म्हणजे पद. तिथं गोष्ट थांबते आणि पात्र मनातलं बोलतं. आपल्याकडं हे दोन्ही आहेच. साकी, दिंडी, ओवी हे पद्याचे प्रकार गोष्ट पुढं नेतात, आणि पद थांबून बोलतं. मराठी संगीत नाटकाचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं राहिलं ते साक्या, दिंड्या आणि पदांवरच. म्हणून सीमाभागातल्या कवीला ऑपेरा परका वाटायचं कारण नाही. एका बाजूला पोवाडा आणि संगीत नाटक, दुसऱ्या बाजूला सण्णाट आणि गीगी पद हे कन्नड लोकगाणं अशी दोन भाषांची अवजारं त्याच्या हाताशी आहेत.

कामाला लागताना पहिला प्रश्न: कुठला गुन्हा घ्यायचा? अपीलासकट निकाल लागलेलाच घ्यावा. चालू खटल्यावर गाणं केलं तर साक्षीदारांवर दबाव येतो, आणि न्यायालयाच्या अवमानाचं लचांडही मागं लागू शकतं. निकाल लागलेला असला तरी लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 72 (जुनं 228-अ) आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम 23 तसं सांगतं. पीडिता हयात नसली तरी हे बंधन सुटत नाही. मेलेल्या माणसाची बदनामीही घरच्यांना दुखावण्याच्या हेतूनं केली तर गुन्हा ठरू शकते.

मग कागद. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आरोपपत्र, साक्षी, निकालपत्र. निकालपत्र सगळ्यात सोपं. ते न्यायालयांच्या संकेतस्थळावर मिळतं, आणि न्यायालयानं मनाई केली नसेल तर ते पुन्हा छापायला प्रताधिकार आड येत नाही. बेळगावची उच्च न्यायालयातली अपिलं धारवाड खंडपीठाकडं जातात. 2008 मध्ये ते फिरतं पीठ म्हणून सुरू झालं आणि 2013 मध्ये कायम झालं. त्याआधीच्या प्रकरणांसाठी बेंगळुरू, आणि 1956 च्या आधी बेळगाव मुंबई राज्यात होतं, म्हणून त्याहून जुन्या प्रकरणांसाठी मुंबईची दफ्तरं बघावी लागतात. खालच्या कोर्टातल्या साक्षी हव्या असतील तर कारण लिहून अर्ज करून नकला मागाव्या लागतात. खटल्याशी संबंध नसलेल्याला त्या मिळतीलच असं नाही.

हे कागद सारख्या वजनाचे नसतात, आणि कवी सगळ्यात जास्त इथंच फसतो. आरोपपत्र वाचायला कादंबरीसारखं असतं, कारण ते एका बाजूनं सलग रचलेलं असतं. पण ती पोलिसांची बाजू आहे. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरत नाहीत (साक्ष अधिनियमाचं कलम 23, जुनं 25). आणि नेमका तोच कबुलीजबाब सगळ्यात नाट्यमय असतो! ‘होय, मीच मारलं’ हे वाक्य पदात घालायला हात शिवशिवतो. न्यायालयानं जे बाजूला ठेवलं ते आरोपीच्या तोंडी घालून गावभर गायचं, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा आणि जास्त कडक शिक्षा देणं.

म्हणून चोपडीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात न्यायालयानं सिद्ध धरलेलं, दुसऱ्यात कुणीतरी म्हटलेलं, तिसऱ्यात कुणालाच ठाऊक नसलेलं. प्रत्येक नोंदीपुढं तारीख, वेळ आणि कागदाचा पान क्रमांक. पहिल्या रकान्यातलं निवेदक गातो. दुसऱ्यातलं ज्याचं त्याच्याच तोंडी द्यायचं. तिसऱ्या रकान्याचं पद होतं, आणि खरी कविता बहुधा तिथूनच निघते.

जवळून बघू. समजा, एका कल्पित पंचनाम्यात असं वाक्य आहे: ‘विहिरीच्या काठापासून सहा फुटांवर डाव्या पायाचं पायताण पडलेलं, अंगठा तुटलेला.’ दिंडीची ओळ 19 मात्रांची, नवव्या मात्रेवर विसावा. तर असं बसतं:

काठ विहिरीचा, पायताण डावे
तुटला अंगठा, धाव कशी दावे

मोजा. का-ठ-वि-हि-री-चा नऊ, पा-य-ता-ण-डा-वे दहा. मात्रा चोख आहेत, पण दुसरी ओळ खोटी आहे. माणूस धावला हे पंचनाम्यात नाही. अंगठा ओढाताणीत तुटला असेल, आधीच तुटका असेल. ‘धाव’ हा शब्द कवीच्या पदरचा, आणि एकदा तो गायला गेला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं पळणारा माणूस उभा राहतो. दुरुस्ती साधी आहे:

काठ विहिरीचा, पायताण डावे
तुटला अंगठा, कुणा कसे ठावे

मात्रा तेवढ्याच, यमक तेच. आता ओळ तिसऱ्या रकान्यात बसली. शिवाय तिच्यात ओढ आली, कारण ऐकणारा आता स्वतः विचार करतो. माहिती कमी केली की ओळ पडते असं नवख्याला वाटतं. बहुतेक वेळा उलटंच होतं.

आता भाषा. हा या मुलखाचा खास गुंता आहे. खानापूरकडची एखादी बाई पोलिसांना सांगते, “मी पाण्याला जाऊलालो, तवा बघितलो त्याला.” बायासुद्धा ‘जाऊलालो’ म्हणतात, ही इथली बोली. पोलीस ते कन्नडात उतरवून घेतो, तेही सरकारी वळणाच्या, आणि त्या जबाबावर तिची सही नसते. कोर्टातली साक्षही बहुधा कन्नडात नोंदली जाते. अपिलाचा निकाल इंग्रजीत. कवीच्या हाती जे पडतं त्यात ती बाई ‘पाणी आणण्याच्या प्रयोजनार्थ प्रस्थान’ करत असते. तीन चाळण्यांतून तिचा आवाज गळून गेलेला. तिला परत ‘जाऊलालो’ बोलायला लावणं हे कवीचं काम, आणि ते करावंच, कारण बोली गेली की माणूस जातो. पण त्याला एक मर्यादा आहे. बोली परत आणताना नवी माहिती येता कामा नये. तिनं ‘बघितलं’ म्हटलं असेल तर ‘चोरून बघितलं’ होता नये. ‘लगबगीनं’, ‘कावऱ्याबावऱ्या’, ‘दात-ओठ खात’ असले शब्द मात्रा भरायला फार सोयीचे असतात. साक्षीच्या ओळीत प्रत्येक क्रियाविशेषण कागदाशी ताडून बघावं, आणि कागदात नसेल तर काढावं.

नावं बदलायची तर चाल बांधायच्या आधी बदलावीत. ‘गंगी’ चार मात्रांची, ‘पार्वती’ पाच. तालीम उभी राहिल्यावर नाव बदललं की बावीस ठिकाणी ओळ लंगडते, आणि कंटाळून गायक मूळ नावच गाऊन जातो. ‘कर’ लावलेलं आडनाव सरळ गावाकडं बोट दाखवतं. आणि नुसतं नाव बदलून भागत नाही. हजार वस्तीच्या गावात ‘पिठाच्या गिरणीवाला’ एकच असतो.

लांबीचा हिशेब कवी करत नाहीत आणि शेवटी धावपळ होते. ओळ 16 मात्रांची आणि लय मिनिटाला 120 मात्रांची धरली, तर एका ओळीला आठ सेकंद. झीलकऱ्यांनी, म्हणजे मागच्या साथीदारांनी, ती परत गायली की सोळा. चार ओळींचं कडवं म्हणजे मिनिटाहून थोडं जास्त. दीड तासाच्या खेळात अर्धा वेळ संवाद आणि वाद्यांना दिला तर हाती उरतात चाळीसएक कडवी, म्हणजे एकशे साठ ओळी. खटल्याची फाइल पाचशे पानांची असली तरी एवढ्यातच बसवायची. पूर्वी यात्रेत खेळ रात्रभर चालायचा, आता रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. राज्य सरकारनं सवलत दिलेले वर्षातले मोजके दिवस तेवढे बारापर्यंत मिळतात. म्हणून दीड ते दोन तास हीच खरी लांबी.

मग कोण गाणार? पोवाड्यात शाहीर सगळं सांगतो, झीलकरी ‘जी जी’ करत साथ देतात. वीरकथेला हे शोभतं. गुन्ह्याच्या कथेत मात्र एकच आवाज धोक्याचा, कारण शाहिराचा डफ ज्याच्या बाजूनं वाजतो तो वीर होतो. हल्लेखोराच्या प्रवेशाला चढी लय आणि कडकडीत डफ दिला की शब्द काहीही असोत, गर्दी त्याच्यासाठी शिट्ट्या मारते. हे रंगमंचावर पुनःपुन्हा होतं आणि त्याचा दोष प्रेक्षकांचा नसतो, चालीचा असतो. त्यावरचा तोडगा आपल्याकडं जुना आहे: कलगी-तुरा. दोन फड समोरासमोर, एकाचा सवाल, दुसऱ्याचा जबाब. कन्नड बाजूला हरदेशी आणि नागेशी हे फड असंच भांडतात. खटला म्हणजे तरी दुसरं काय? फिर्यादीची बाजू एका फडाला, बचावाची दुसऱ्याला, दोघांना सारखी कडवी. उलटतपासणी तर सवाल-जबाबात अशी चपखल बसते की वेगळी रचना करावी लागत नाही.

इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग याच वाटेनं गेला. 1860 मध्ये फ्लोरेन्सच्या बाजारात त्याला एका लिऱ्याला कागदांचं एक जुनं बाड मिळालं. रोममधल्या 1698 सालच्या खून खटल्याचे ते कागद होते. ग्वीदो नावाच्या सरदारानं बायकोला आणि तिच्या आईवडिलांना मारलं होतं. ब्राउनिंगनं त्याचं बारा भागांचं, एकवीस हजारांहून जास्त ओळींचं काव्य केलं. त्यात तोच खून वेगवेगळ्या तोंडांनी पुनःपुन्हा सांगितलाय: अर्धं रोम नवऱ्याच्या बाजूनं बोलतं, अर्धं बायकोच्या, मग खुनी, मरणपंथाला लागलेली बायको, दोन वकील, पोप. कोण खरं बोलतोय ते वाचणाऱ्याला ऐकता ऐकता कळत जातं.

बाईची जागा कुठं, हा प्रश्न वेगळा काढून विचारावा, कारण आपल्या परंपरेचं इथं चुकलेलं आहे. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष दिला तो राघोबादादांना. पण लोकांच्या तोंडी राहिलं काय? ‘ध चा मा’. आनंदीबाईनं ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ही दंतकथा. तीन अक्षरं, ठेका पक्का, म्हणून न्यायाधीशाचा निर्णय मागं पडला आणि एक बाई अडीचशे वर्षं म्हणींत अडकून राहिली. गंगीचंही तेच होऊ शकतं. ‘तिच्यापायी मेला’ ही ओळ कुठल्याही चालीत सहज बसते, आणि म्हणूनच ती टाळावी. मारणाऱ्यांची नावं कर्त्याच्या जागी ठेवून वाक्य लिहा: अमक्यानं अमक्याला मारलं. शिवाय मारल्या गेलेल्या माणसाला आणि कथेतल्या बाईला प्रत्येकी किमान एक पूर्ण पद हवं, ज्यात खुनाचा उल्लेखच नाही. नाहीतर ती माणसं कथेत फक्त मरायला आणि दोष घ्यायला येतात.

खुनाचा प्रसंग गावा की बोलावा? यावर सगळ्यात शिकण्यासारखं उत्तर जर्मन भाषेतल्या एका ऑपेरात आहे. लाइपझिगमध्ये 1821 साली वोयत्सेक नावाच्या माजी सैनिकानं योहाना वोस्त या बाईला भोसकलं. त्याचं डोकं ठिकाणावर होतं का, याचा अहवाल क्लारुस या सरकारी डॉक्टरनं दिला आणि 1824 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तो अहवाल वाचून ग्यॉर्ग ब्युश्नर नाटक लिहू लागला, पण 1837 मध्ये तेविसाव्या वर्षी गेला आणि सुटे प्रवेश मागं राहिले. आल्बान बेर्गनं त्याचा ऑपेरा केला: तीन अंक, पंधरा प्रवेश, पहिला प्रयोग बर्लिनमध्ये 14 डिसेंबर 1925 ला. त्यात खुनाच्या पूर्ण प्रवेशाखाली एकच स्वर सतत ऐकू येत राहतो, कधी खर्जात, कधी वर. खून झाल्यावर सगळा वाद्यमेळ तोच एक स्वर ऐकू येईल न येईल इतक्या हळू सुरू करून कानठळ्या बसेपर्यंत वाढवतो, आणि पुन्हा एकदा तसंच. शब्द नाहीत, वर्णन नाही.

आपल्याला यासाठी वाद्यमेळ नको. तुणतुणं आहे. एक तार, एक सूर. डफ थांबवा, झीलकऱ्यांना गप्प करा, तुणतुणं एकटं चालू ठेवा आणि पंचनाम्यातली चार वाक्यं सपाट आवाजात, न गाता वाचा: अंतर, वेळ, जखमांची संख्या. मंडपात टाचणी पडली तरी ऐकू येते. जखमांवर उपमा देऊ नये. पावसाळ्यात खेळ असेल तर डफाचं कातडं दमटपणानं सैल पडतं, म्हणून सुरू करण्याआधी शेकून घ्यावा लागतो. या प्रवेशानंतर तो पुन्हा वाजणार असतो, तेव्हा शांततेच्या त्या दोन-तीन मिनिटांत कुणीतरी तो विंगेत शेकत ठेवावा. पडलेल्या आवाजाच्या डफानं पुढचा सवाल-जबाब उभा राहत नाही.

पहिलं वाचन चालीशिवाय करावं, आणि त्याला तीन माणसं बोलवावीत: एक फौजदारी वकील, एक कन्नड-मराठी दोन्ही पक्की येणारं माणूस, आणि तो खटला आधी न ऐकलेलं कुणीतरी. वकील पहिला रकाना तपासतो, दुभाष्या दुसरा. तिसऱ्याला शेवटी एकच विचारायचं, दोष कुणाचा वाटला? त्याचं उत्तर निकालाशी जुळत नसेल तर कुठली तरी ओळ किंवा कुठली तरी चाल खोटं बोलतेय. ती सापडेपर्यंत तालीम धरू नये. घरचे हयात असतील तर त्यांना संहिता प्रयोगाआधी दाखवावी, पत्रिका छापल्यावर नव्हे. महाराष्ट्रात, म्हणजे कोल्हापूर-गडहिंग्लजकडं प्रयोग न्यायचा असेल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते, तो वेळ धरून चालावं.

पोवाड्याच्या शेवटच्या चौकात, म्हणजे शेवटच्या भागात, शाहीर आपलं नाव घालतो. गुन्ह्याच्या पोवाड्यात त्या ओळीला पंचनाम्याखालच्या सहीचं वजन असतं. म्हणून नावासोबत त्याच चौकात गाऊनच सांगावं की कुठलं पद कागदातलं आणि कुठलं शाहिराच्या मनातलं. दोन ओळी पुरतात, आणि त्या वेगळ्या निवेदनात न ठेवता चालीतच बांधाव्यात, कारण निवेदन पुढच्या यात्रेपर्यंत गळून पडतं.